समुद्रकाठच्या आडगावात कृष्णधवल फोटो काढताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दूरच्या, समुद्रकाठच्या एका लहान गावात तुम्ही आठवडाभर राहणार आहात आणि तिथलं सगळं काम कृष्णधवल करायचं ठरवलंय. याआधी अशाच एका गावातले रंगीत फोटो तुम्ही घरी आल्यावर कृष्णधवल केलेत, तर ते मळकट दिसले. आकाश, पाणी आणि वाळू एकमेकांत मिसळून गेली. म्हणून लाल फिल्टर घ्यावा का, डिजिटल सोडून फिल्मवर जावं का, लेन्स कोणत्या न्याव्यात आणि गावातल्या माणसांचे फोटो काढायला सुरुवात कशी करावी, हे तुम्ही विचारलंय. शेवटी एक शंकाही आहे: कृष्णधवलमुळे ते गाव आहे त्याहून जुनं आणि गरीब दिसेल का?

फिल्टर-फिल्मचं सांगते, पण मला वाटतं अडचण त्यांच्या अलीकडची आहे. किनाऱ्यावरचं गाव पहिल्या नजरेत आपल्याला धरतं ते रंगाने. हिरवट पाण्यावर तांबडी होडी, तिच्या शेजारी निळ्या जाळ्यांचा ढीग. बोट बटणावर गेलं ते रंगामुळे, आणि घरी येऊन तोच रंग आपण काढून टाकला. मागे जे उरलं त्यात होडीला पाण्यापासून वेगळं करणारं काही नव्हतंच. कृष्णधवलमध्ये एखादी गोष्ट दिसायची असेल तर तिच्या मागे जे आहे त्याच्याहून ती उजळ तरी हवी किंवा गडद तरी हवी. एवढं एक सूत्र धरलंत तर बाकीचे बहुतेक निर्णय त्यातून निघतात: कुठे उभं राहायचं, किती वाजता जायचं, कॅमेरा किती उंचीवर धरायचा. सॉफ्टवेअर शेवटचा हात फिरवतं, पण जागेवर नसलेला वेगळेपणा ते आणू शकत नाही.

मळकटपणा नेमका कुठून येतो तेही पाहू. संगणक रंगाचं करड्या छटेत रूपांतर करतो तेव्हा तो तिन्ही रंगांना सारखं वजन देत नाही. आजच्या पडद्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित प्रमाणात हिरव्याला जवळपास ७२ टक्के, लालला २१ आणि निळ्याला फक्त ७ टक्के वजन असतं, कारण आपल्या डोळ्याला हिरव्याचा उजेड जास्त जाणवतो. त्यामुळे डोळ्यांत भरणारी तांबडी होडी आणि तिच्यामागचं गडद हिरवट पाणी, दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेवर येऊन बसू शकतात. त्यात दुपारचं फिकट आकाश, उन्हातलं पाणी आणि कोरडी वाळू हे तिघंही उजेडाच्या मोजमापात एकमेकांच्या फार जवळ असतात. म्हणजे चौकटीचा मोठा भाग मुळातच एका छटेचा, आणि मुख्य विषयही त्याच छटेत विरघळलेला. हा कॅमेऱ्याचा दोष नाही आणि कॅमेरा बदलल्याने तो जाणारही नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधीच सांगते, कारण ते गाव मी पाहिलेलं नाही. किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे की पश्चिमेकडे, खडकाळ आहे की लांब पुळणीचा, तुम्ही जाल तेव्हा आकाश स्वच्छ असेल की ढगाळ, मासेमारीचा हंगाम चालू असेल की बंद, गावकऱ्यांची आणि तुमची भाषा एक आहे की नाही, यातल्या प्रत्येकाने माझा सल्ला थोडाफार बदलेल. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर सकाळी सूर्य गावाच्या मागून येतो आणि पाणी समोरून उजळतं. संध्याकाळी सगळं उलट होतं आणि तुम्ही प्रकाशाच्या विरुद्ध बघत असता. निघण्याआधी नकाशावर एवढी एक गोष्ट पाहून ठेवा. पहिल्या दिवशी भटकण्याचा बराच वेळ वाचतो.

प्रकाशाच्या विरुद्ध बघणं टाळू नका. रंगीत फोटोत सूर्य पाठीशी ठेवायची सवय असते, कारण तसे रंग भरून येतात. कृष्णधवलमध्ये तोच प्रकाश सगळं सपाट करतो. माझं किनाऱ्यावरचं बहुतेक चांगलं काम सूर्य समोर किंवा बाजूला असताना झालं आहे. जाळं घ्या. समोरून ऊन पडलेलं जाळं वाळूवर जवळपास दिसतच नाही. तेच जाळं मागून उजळलं की त्याची प्रत्येक गाठ वेगळी होते. उडणारं पाणी, चुलीचा धूर, माशांचे खवले, ओला दोर, या सगळ्यांचं तसंच आहे. बाजूने येणारा तिरपा उजेड लाकडाच्या भेगा, तुटका रंग, वाळूवरच्या लाटांच्या खुणा वर काढतो. सूर्योदयाच्या वेळेचं महत्त्व कृष्णधवलमध्ये त्या सोनेरी रंगामुळे नाही, तो तर निघूनच जाणार आहे. महत्त्व आहे ते उजेडाच्या खालच्या कोनाचं. म्हणूनच भर दुपारही वाया घालवू नका. डोक्यावरच्या उन्हात होडीच्या खालची सावली, वाळत घातलेल्या जाळ्याची जमिनीवर पडलेली नक्षी, घराच्या वळचणीची काळी रेघ हे सगळं ठळक असतं. रंगीत काम करणारे त्या वेळी विश्रांती घेतात, आपल्याला ते कामाचे तास आहेत. चेहऱ्यांसाठी मात्र ती वेळ वाईट, डोळे काळोखात जातात. तेव्हा माणसांना सावलीत भेटा.

ढगाळ दिवसाचं वेगळं. उजेड मऊ असतो, चेहऱ्यांना आणि बारीक कामाला उत्तम, पण आकाश पांढरं पत्र्यासारखं होतं. अशा दिवशी मी आकाश चौकटीत शक्य तितकं कमी घेते किंवा पूर्ण वगळते: उंचावरून खाली बघते, भिंतीपाशी काम करते, होड्यांच्या आत डोकावते. पावसाळी, फाटलेले ढग असतील तर उलट. मग आकाश हाच विषय होऊ शकतो आणि जमिनीला चौकटीचा एक-चतुर्थांश भाग पुरतो.

क्षितिजाबद्दल जरा जास्त बोलते, कारण समुद्रकाठी सगळ्यात जास्त चुकीचे फोटो त्या एका सरळ रेघेमुळे होतात. डोळ्यांच्या उंचीवरून, समोर उभ्या असलेल्या तुमच्याच उंचीच्या माणसाचा फोटो काढलात तर क्षितिजाची रेघ बरोबर त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून जाते. डोकं अर्धं आकाशावर, अर्धं पाण्यावर, आणि गडद केस गडद पाण्यात हरवतात. उपाय दोनच. गुडघ्यावर बसा, म्हणजे क्षितिज त्याच्या कमरेपर्यंत खाली येईल आणि डोकं-खांदे उजळ आकाशावर कोरले जातील. नाहीतर धक्क्यावर, खडकावर, वाळूच्या उंचवट्यावर चढा, म्हणजे क्षितिज त्याच्या डोक्याच्या वर जाईल आणि तो पूर्ण आकृतीने पाण्यावर किंवा वाळूवर दिसेल. कोणता घ्यायचा हे मागच्या छटेवर ठरतं. सूर्य समोर असेल तर ओली वाळू आणि पाणी बऱ्याचदा आकाशाइतकंच झळाळतं, मग उंचावरून घेतलेली गडद माणसं त्यावर फार स्वच्छ उमटतात. मी कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी एकच गोष्ट तपासते: डोक्याच्या मागे काय आहे? हात, वल्हं, डोलकाठी, दोर ही टोकं कशावर उमटताहेत? दोन पावलं डावीकडे सरकल्याने पुष्कळदा सगळं सुटं होतं.

एकाहून जास्त माणसं असतील तर त्यांच्यामधल्या फटींची वाट बघा. जाळं ओढणारे सात-आठ जण एका काळ्या ठिपक्यात गोळा झाले तर फोटोत कोणीच दिसत नाही. ते दोरावर मागे झुकतात तेव्हा क्षणभर प्रत्येकाची आकृती सुटी होते, आणि ही लय परत परत येते. दोन-तीन वेळा नुसतं बघा, मग काढा.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, रंगाकडे न बघता मागच्या छटेकडे बघायचं, सूर्य पाठीशी न घेता समोर किंवा बाजूला घ्यायचा आणि क्षितिज डोक्याला कापू द्यायचं नाही. तुमच्या मळकट फोटोंतली बहुतेक तक्रार एवढ्याने दूर व्हावी. आता भरती-ओहोटी, कारण आडगावात घड्याळापेक्षा तिचं वेळापत्रक मोठं.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि त्या रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. एवढं बहुतेकांना माहीत असतं. फोटो काढणाऱ्याला उपयोगी पडणारी पुढची गोष्ट कमी जणांच्या लक्षात येते: एकाच किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी साधारण दिवसाच्या त्याच वेळी येते. एखाद्या गावात ती दुपारी बाराच्या सुमारास येत असेल तर पहाटेची ओहोटी तिथे आठवड्याभराने, म्हणजे भांगाच्या दिवसांत मिळणार, आणि तेव्हा पाणी फारसं मागे हटलेलं नसणार. उघडी पडलेली विस्तीर्ण ओली पुळण आणि कोवळं ऊन दोन्ही एकत्र हवं असेल तर ते त्या गावात मिळतच नाही. दुसऱ्या एखाद्या गावात मात्र दर पंधरवड्याला मिळतं. तेव्हा तारखा ठरवण्याआधी त्या जागेचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी बहुतेक जागी हा फरक इतका थोडा असतो की विचार करायची गरज नाही. ओली पुळण मला इतकी महत्त्वाची वाटते कारण ती आकाशाचा उजेड परत फेकते. कोरडी वाळू मधल्या करड्या छटेची, ओली वाळू बघायच्या कोनानुसार जवळपास पांढरी किंवा जवळपास काळी. एकाच जागी दोन पूर्ण वेगळे फोटो मिळतात.

याच कारणाने पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, जपून वापरा. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनात बघत असाल तर तो चकाकी जवळपास पूर्ण काढून टाकतो. पाण्याखालचे दगड दाखवायचे असतील तर छान. पण ओल्या वाळूची, दोराची, माणसाच्या ओल्या पाठीची चकाकी हीच तर आपली पांढरी छटा. ती काढली की पुन्हा करडं.

फिल्टर आता. कृष्णधवल फिल्मवर पिवळा फिल्टर निळं आकाश थोडं उतरवतो, नारिंगी त्याहून जास्त, लाल खूप. त्यासाठी अनुक्रमे साधारण एक, दोन आणि तीन स्टॉप जास्त उजेड द्यावा लागतो (एक स्टॉप वाढवणं म्हणजे उजेड दुप्पट करणं). लाल फिल्टरबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तो निळ्यालाच गडद करतो. ढगांनी भरलेल्या पांढऱ्या आकाशावर त्याचा काही परिणाम होत नाही, आणि क्षितिजालगतचं आकाश वरच्यापेक्षा फिकट असल्याने तिथेही तो कमीच चालतो. दोन, मोकळ्या जागेतल्या सावल्यांना उजेड निळ्या आकाशाकडून मिळतो, त्यामुळे लाल फिल्टर सावल्यांनाही काळं करतो. तीन, त्वचेत लाल जास्त असतो. त्यामुळे उन्हात रापलेला, सावळा चेहरा लाल फिल्टरमधून आहे त्यापेक्षा गोरा आणि गुळगुळीत दिसतो. दर्यावर्दी माणसाच्या चेहऱ्यावर ऊन-वाऱ्याने जे लिहिलं असतं ते पुसून टाकणं मला पटत नाही. माणसांसाठी मी फिल्टर लावतच नाही, फार तर फिकट पिवळा. दूरची टेकडी धूसर दिसत असेल तर लाल फिल्टर ती स्वच्छ करतो, पण समुद्रावरचं दाट धुकं कापता येत नाही. धुक्यातले पाण्याचे कण मोठे असतात आणि सगळ्या रंगांना सारखंच विखुरतात.

तुमचा कॅमेरा नेहमीचा रंगीत डिजिटल असेल तर लाल काचेचा फिल्टर घेऊच नका. अशा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या पट्टीवर, चारांतला एकच ठिपका लाल उजेड मोजतो. काचेने बाकीचे रंग अडवले की उरलेले तीन ठिपके जवळपास उपाशी राहतात आणि फोटो खरखरीत होतो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेली मूळ नोंद, काढा आणि रंगांची वजनं नंतर बदला, तोच परिणाम जास्त ताब्यात राहून मिळतो. तिथेही निळा फार खाली ओढू नका. आकाशात दाणे उठतात आणि होडीच्या, डोंगराच्या कडेने पांढरी किनार दिसू लागते. सेन्सरवर रंग वेगळे करणारी जाळीच नसलेले कॅमेरेही मिळतात, लायका कंपनीने आपला असा पहिला कॅमेरा २०१२ साली आणला. त्यांच्यावर मात्र काचेचा फिल्टर हाच मार्ग, कारण रंगाची माहिती नोंदलीच जात नाही आणि नंतर बदलायला काही उरत नाही.

आकाश आणि समुद्र एकत्र सांभाळणं ही आजची अडचण नव्हे, हे सांगायला मला आवडतं. १८५६-५७च्या सुमारास फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यांनी समुद्राची जी दृश्यं केली, त्यांतल्या काहींत पाण्यासाठी एक निगेटिव्ह आणि आकाशासाठी दुसरी वापरून ती क्षितिजाच्या रेघेवर जोडली होती. त्या वेळची काचेची निगेटिव्ह निळ्या उजेडालाच जास्त दाद द्यायची, त्यामुळे पाण्याला पुरेल एवढा उजेड दिला की आकाश कोरं पांढरं व्हायचं. आज आपल्याला तेवढी खटपट नाही, पण प्रश्न तोच आहे. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य मधल्या करड्या छटेवर आणू पाहतं, म्हणून उजळ वाळू आणि फेस असलेल्या चौकटीत ते कमी उजेड देतं आणि माणसं काळी पडतात. मी अशा वेळी साधारण एक स्टॉप वाढवते आणि हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला छटांचा आलेख, बघते. पाण्यावर चमकणारे सूर्याचे ठिपके कोरे पांढरे गेले तर जाऊ देत. लाटेच्या फेसातला तपशील जाऊ देऊ नका, तो परत मिळत नाही. निगेटिव्ह फिल्मवर हिशेब उलटा: सावलीत तपशील राहील इतका उजेड द्या, उजळ भागाला फिल्म बरंच सहन करते.

लेन्सवर फार वेळ घालवू नका. पूर्ण फ्रेमच्या, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशेबात ३५ आणि ५० मिलिमीटर पुरतात. लांब लेन्सने दुरून टिपलेली माणसं टिपल्यासारखीच दिसतात, आणि लहान गावात दुरून रोखलेली मोठी नळी सगळ्यांना दिसते. माणसं फिरत असताना मी लेन्सचं छिद्र एफ ८ वर, तीन मीटरच्या आसपास फोकस बांधून ठेवते. जाळं फेकतानाचा हात थांबवायला १/५०० सेकंद लागतो.

खारा वारा ही मात्र गंभीर गोष्ट. लेन्सवर बारीक तुषार बसले की समोरच्या उजेडात सगळी चौकट धुरकट होते, आणि आपण तर उजेडाच्या दिशेनेच बघणार आहोत. कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं फडकं, मग कोरडं. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. खोली थंड ठेवलेली असेल तर कॅमेरा बंद पिशवीतच बाहेर न्या आणि बाहेरच्या हवेचं तापमान येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. आडगावात वीज जाईल हे धरूनच चाला: जास्तीच्या बॅटऱ्या आणि फाइलींची दुसरी प्रत ठेवायची सोय. शेवाळलेल्या खडकांवर पाठमोरं चालू नका आणि चढत्या पाण्यात परतीची वाट बंद होते का, हे तिथल्या माणसांना विचारा. कोष्टकापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

आता माणसं. तुमच्या प्रश्नात हे शेवटून दुसरं होतं, माझ्या लेखी ते पहिलं. एडिंबराजवळच्या न्यूहेवन या कोळीवस्तीत डेव्हिड हिल आणि रॉबर्ट ॲडमसन यांनी १८४०च्या दशकात फोटो काढले तेव्हा माणसांना उन्हात स्थिर उभं राहावं लागायचं. त्यांच्या सहभागाशिवाय फोटो होणंच शक्य नव्हतं. १९५४ साली पॉल स्ट्रँड स्कॉटलंडच्या साउथ युइस्ट बेटावर सुमारे तीन महिने राहिले, आणि त्यांच्या फोटोंतली माणसं कॅमेऱ्याकडे सरळ बघतात. क्रिस किलिप यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या स्किनिंग्रोव्ह या मच्छीमार गावात वारंवार जाऊन काम केलं. बाहेरच्यांना सहज जवळ करणारं ते गाव नव्हतं. या सगळ्यांची पद्धत, काळ, कॅमेरे वेगळे. समान आहे ते एवढंच की फोटो काढला जातोय हे समोरच्याला ठाऊक होतं आणि काढणारा लगेच निघून जाणार नव्हता.

तुमच्याकडे आठवडाच आहे. मग पहिला दिवस कॅमेरा गळ्यात दिसू द्या, पण फारसा उचलू नका. होड्या कधी निघतात, कधी परततात, मासळी कुठे उतरते, जाळी कुठे दुरुस्त होतात हे विचारत फिरा. जाळं दुरुस्त करणाऱ्या माणसापासून सुरुवात करणं मला नेहमी सोपं गेलं आहे. तो तासन्‌तास एका जागी असतो, हात कामात असले तरी बोलायला मोकळा असतो, आणि बहुधा सावलीत बसलेला असतो. समोरच्या वाळूचा उजेड खालून येऊन चेहरा भरून काढतो. याहून चांगला पोर्ट्रेटचा प्रकाश मला माहीत नाही. भाषा येत नसेल तर कॅमेरा दाखवून मान हलवून विचारा. नकार आला तर हसून कॅमेरा खाली, आणि तिथेच थोडा वेळ बसा, लगेच उठून जाऊ नका. होडी किनाऱ्यावर ओढली जात असताना मध्ये येऊ नका. ओढायला माणूस कमी असेल तर कॅमेरा बाजूला ठेवून दोराला हात लावा. उघड्यावर अंघोळ करणाऱ्यांचे, दुःखात असलेल्यांचे, घरच्यांना न विचारता मुलांचे फोटो काढू नका.

आणि फोटो परत द्या. एक बारकावा आहे: तुम्हाला आवडलेला काळोखी, सुरकुत्या दाखवणारा फोटो त्या माणसाला हवा असेलच असं नाही. बऱ्याच जणांना आपला रंगीत, नीट कपड्यांतला, घरच्यांबरोबरचा फोटो हवा असतो. तो वेगळा काढा, मन लावून काढा आणि छापून पाठवा. रॉ फाइलमध्ये रंग असतोच.

जुनं आणि गरीब दिसण्याची तुमची शंका रास्त आहे आणि ती तुम्हाला पडली याचा मला आनंद वाटला. कृष्णधवलमुळे काळाची खूण पुसली जाते हे खरं. त्यात आपण मोबाइल, प्लास्टिकचे दोर, होडीचं इंजिन, छपरावरचं सौर पॅनेल चौकटीबाहेर ठेवत गेलो तर जे गाव तयार होतं ते अस्तित्वात नसतं. मी या गोष्टी मुद्दाम आत घेते. प्लास्टिकची पिंपं, थर्माकोलचे खोके कृष्णधवलमध्ये फार चांगले पांढरे आकार देतात, हा वेगळाच फायदा. मोडक्या भिंतीचे दहा फोटो झाले असतील तर नवं बांधलेलं घरही शोधा. कॉन्ट्रास्ट ताणून प्रत्येक चेहऱ्याला व्यथित करू नका. हसणारी माणसं हसताना दाखवा. आणि एखाद्या दृश्यात तुम्हाला थांबवलं ते निव्वळ रंगाने असेल, तर तो फोटो रंगीत ठेवा. सगळं कृष्णधवलच करायचं हा हट्ट मालिकेसाठी ठीक आहे, प्रत्येक फाइलसाठी नाही.

निवड करताना सगळ्या फोटोंना आधी एकच पायाभूत रूपांतर द्या, नाहीतर एकाच गावाचे फोटो पाच गावांचे वाटतात. मग जिथे गरज तिथेच हाताने उजळ-गडद करा. लहान प्रिंट काढून भिंतीवर लावा आणि काही दिवस राहू द्या. पडद्यावर काळं वाटणारं कागदावर अनेकदा आणखी काळं होतं, विशेषतः मॅट कागदावर.

राहिला फिल्मचा प्रश्न. तुम्ही फिल्म कधी धुतलेली नाही असं लिहिलंय, आणि जायला दोन महिनेही नाहीत. तर या वेळी डिजिटलच न्या. रॉमध्ये काढा, आणि पडदा किंवा व्ह्यूफाइंडर कृष्णधवलवर ठेवा, म्हणजे छटा तिथेच दिसतील आणि रंग फाइलमध्ये राहील. फिल्म बरोबर घ्यायचीच असेल तर आयएसओ ४०० (उजेडाला दाद देण्याचं माप) ची थोडी घ्या, ट्राय-एक्स किंवा एचपी५ या नावाची, हवाबंद डब्यात ठेवा, आणि विमानतळावर नव्या सीटी स्कॅनरमधून न नेता हाताने तपासायला सांगा. निघेपर्यंत रोज थोडा वेळ कुठल्याही मोकळ्या, उजळ जागी जा: मैदान, गच्ची, नदीकाठ. चालणाऱ्या माणसाचं डोकं कधी आकाशावर, कधी जमिनीवर आणून बघा. एकाच माणसाचा एकाच जागी सूर्य पाठीशी घेऊन आणि समोर घेऊन, असे दोन फोटो काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. त्यातले काही मला दाखवलेत तर तुमच्या गावाच्या तारखा, किनाऱ्याची दिशा आणि कोष्टक बघून कोणत्या वेळी कुठे उभं राहावं हे जास्त नेमकं सांगता येईल.